कोरड्या त्वचेचं घरगुती फेशियल: तुम्ही नक्की काय काय करता?

विंडोसीट | शनिवार, रात्री १०:४५

मंडळी, आधी रडून घेते, मग प्रश्न विचारते.

माझी त्वचा मुळातच कोरडी. मुंबईत कसली आलीय कोरडी त्वचा, इथे घामाच्या धारा लागतात, असं सगळे म्हणतात. पण मी मुलुंडला सकाळी गाडी पकडते आणि दहा ते सात बीकेसीत एसीच्या थेट झोताखाली बसते. त्यात या दिवसांत वारा समुद्राऐवजी जमिनीकडून यायला लागला की संपलंच. संध्याकाळी तोंड धुतलं की गालाची कातडी कुणीतरी एक माप लहान शिवून दिल्यासारखी ओढते.

पंधरा दिवसांवर मामेबहिणीचं लग्न. म्हणून गेल्या रविवारी घराजवळच्या पार्लरमध्ये गेले (नाव विचारू नका). मी फक्त फेशियल सांगितलं होतं. तिथल्या मुलीने 'ताई, टॅन खूप आहे' म्हणत आधी ब्लीच थापलं आणि ते पुसल्या पुसल्या त्यावर दाणेदार स्क्रब घासलं. मी म्हटलं झोंबतंय. ती म्हणाली, म्हणजे काम करतंय. सोमवारी सकाळी ओठांच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे. हसलं की चरचर. तीन दिवस ऑफिसात न हसता काढले, साहेबांना वाटलं अप्रेझलवरून रुसलेय.

मग बुधवारी घरीच मुलतानी माती गुलाबपाण्यात कालवून लावली आणि पूर्ण वाळू दिली. आरशात बघितलं तर मे महिन्यातलं आटलेलं तळं.

नेटवर कुणी लिंबू-साखर सांगतंय, कुणी खायचा सोडा, कुणी बेसन. कोरड्या त्वचेवाल्यांनी घरी फेशियल करताना नक्की काय करायचं? पायरीपायरीने सांगा. स्वयंपाकघरातलं चालेल, महागाच्या बाटल्या नकोत.

अर्धा_कप | शनिवार, रात्री ११:१०

अगं, मुलतानी माती कशाला लावलीस? ती तेल शोषायला. तुझ्याकडे शोषायला आहे काय?

आणि लिंबू पोह्यांवर पिळायचं असतं, गालांवर नाही.

आम्ही गिरगावात चाळीत वाढलो. थंडीत आई रविवारी तिन्ही बहिणींना ओळीने बसवायची. आधी कोमट खोबरेल, तोंडाला, मानेला, हातापायांना. मग बंबाचं पाणी तापेपर्यंत तसंच बसायचं आणि मग डाळीचं पीठ दुधात सरबरीत कालवून ते तेल उतरवायचं. साबण नाहीच. आता बेसन बेसन म्हणून कोरड्या तोंडावर घासतात. पीठ हे तेल काढण्यासाठी आहे, बाई. आधी तेलच लावलं नसेल तर ते काढणार काय? दिवाळीच्या उटण्याचंही तेच. तेलावर उटणं. नुसत्या अंगाला उटणं घासून 'आम्हाला सूट होत नाही' म्हणतात.

साय मात्र आई रात्री वेगळी लावायची. दुधावरची बोटभर साय, गालांवर चोळून मुरवायची. वासामुळे आम्ही पळायचो, ती चाळीच्या गॅलरीतून पकडून आणायची.

स्लो_लोकल | शनिवार, रात्री ११:२२

पोह्यांना +१.

पुरुषांनी इथे वाचलं तर चालतं ना? विचारणार नाही काही, नुसता वाचतोय.

लिटमस | रविवार, सकाळी ८:०५

अर्धा_कप काकूंनी जे सांगितलं त्यामागचं थोडं रसायन. शिकवणं हा पेशा आहे, आवरत नाही.

त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, पीएच (आम्लतेचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ४.५ ते ५.५. लिंबाचा रस २ च्या आसपास. खायच्या सोड्याचं पाणी ८ च्या वर. आंघोळीची नेहमीची वडी ९-१०. म्हणजे लिंबू एका टोकाला ओढतं, सोडा आणि साबण दुसऱ्या. दोन्ही एकत्र केले की 'बॅलन्स होतं' असंही वाचलंय मी. बॅलन्स होत नाही, फसफसतं. वर लिंबाच्या रसातली काही द्रव्यं अशी आहेत की त्यांच्यावर ऊन पडलं की कातडीवर भाजल्यासारखे काळे डाग उठतात. लिंबू लावून बाल्कनीत बसू नका.

दही त्यामानाने सौम्य, पीएच ४ च्या जवळपास. त्यातलं लॅक्टिक आम्ल सुटू आलेल्या पेशी हलकेच सोडवतं आणि पाणीही थोडं धरून ठेवतं. पण ताजं घ्या. तीन दिवसांचं आंबट दही कढीला.

आता कोरडेपणा म्हणजे काय? त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. त्यात मेलेल्या पेशी कौलांसारख्या एकावर एक रचलेल्या आणि मध्ये चरबीचा लेप. कोकणातल्या घराची कौलं सरकली की पाणी आत गळतं, इथे आतलं बाहेर. स्क्रब, कडक पाणी आणि साबण हे तिघे कौलं सरकवणारे. विंडोसीटच्या पार्लरने तर माकडंच सोडली छपरावर.

काळाचौकी_पार्लर | रविवार, दुपारी ३:३०

दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा वाचते इथे. आज लिहायलाच पाहिजे.

१९ वर्षं पार्लर चालवते. ब्लीच आणि स्क्रब एका बैठकीत करायचं नाही, हे आम्हाला कोर्सच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया असतो, त्यानंतर कातडी कच्ची असते. झोंबतंय म्हणजे थांबवायचं, 'काम करतंय' नाही. त्या मुलीवर रागावू नका, मालकिणीने पॅकेज खपवायला सांगितलेलं असतं. पण चूक ती चूक.

घरी करायचं तर असं करा. रात्री करा, नंतर बाहेर जायचं नसेल अशा दिवशी. नखं कापलेली हवीत, अंगठ्या काढून ठेवा. केस घट्ट बांधा. पंचाचा किंवा आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा जवळ घ्या. टर्किश टॉवेल खरखरीत असतो, तो तोंडाला नको.

तोंड साबणाने धुवायचं नाही. पिशवीतलं न तापवलेलं दूध दोन चमचे घ्या, कापूस आधी पाण्यात भिजवून पिळा, मग दुधात. कोरडा कापूस अर्धं दूध स्वतःच पितो. पुसताना ओढायचं नाही, टेकवत टेकवत जायचं.

स्क्रब कोरड्या त्वचेला पंधरा दिवसांतून एकदा, तेही ओट्स मिक्सरला बारीक करून दुधात भिजवलेले. एक मिनिट, बस. रवा, साखर, अक्रोडाच्या टरफलाचा चुरा काही नको.

वाफेचं मोठं पातेलं घेऊन डोक्यावर चादर घालून दहा मिनिटं बसतात. सर्दी झाली असेल तर बसा. फेशियलला पंचा गरम पाण्यात बुडवून पिळून दोन मिनिटं तोंडावर ठेवला तरी होतं.

आता मसाज, हे खरं फेशियल. बदामाचं तेल किंवा साय, एक चमचा. हनुवटीपासून कानाकडे, नाकाच्या बाजूने गालावरून वर, कपाळाच्या मधून बाहेर. डोळ्यांखाली अनामिका वापरायची, त्या बोटात जोर नसतो. बोट घसरलं पाहिजे, कातडी बोटाबरोबर सरकत असेल तर तेल कमी आहे. मान विसरू नका, तोंड उजळ आणि मान तशीच असल्या नवऱ्या मी खूप बघितल्यात. दहा मिनिटांत थांबा. अर्धा तास चोळलं की लाल होतं आणि बायका त्याला ग्लो म्हणतात.

पॅक: एक चमचा साय, एक चमचा मध, चिकटण्यापुरतं ओट्सचं पीठ. १०-१२ मिनिटं. पॅक वाळू द्यायचा नाही. कडा वाळायला लागल्या की ओला हात फिरवा. धुवायला कोमट पाणी, कोमट म्हणजे बाळाच्या आंघोळीचं, गीझरचं नाही. पुसताना तोंड थोडं ओलंच ठेवा आणि त्याच ओलसर तोंडावर लगेच क्रीम. फॅनखाली बसून पाच मिनिटांनी लावलं तर केलेलं सगळं पाण्यात. पाण्यात तरी कुठे, हवेत.

दुपारची_झोप | रविवार, दुपारी ४:१५

किती छान लिहिलंत ताई! साडीचा तुकडा लगेच काढला.

मला नाकाच्या बाजूला आणि भुवयांत पांढरट कोंडा सुटतो. रोज रात्री ऑलिव्ह ऑइल लावते, सकाळी अजून वाढलेला. तेल कमी पडतंय का?

मूळ_स्वरूप | रविवार, संध्याकाळी ६:००

क्रीम कशाला मध्येच? इतकं नैसर्गिक करून शेवटी केमिकलच थापायचं? कोरफडीचं पान तोडा, गर लावा, झोपा. आपल्या आज्या काय क्रीम लावत होत्या?

अर्धा_कप | रविवार, संध्याकाळी ६:२०

मीच आजी आहे आणि मी हिवाळ्यात पेट्रोलियम जेली लावते. माझी आईसुद्धा लावायची, ओठांना आणि टाचांना.

लिटमस | रविवार, संध्याकाळी ७:४०

कोरफडीचं पान तोडल्यावर सालीखालून पिवळा चीक निघतो, तोही नैसर्गिकच आहे आणि भयंकर खाजवतो. पान कापून कापलेली बाजू खाली करून पंधरा-वीस मिनिटं पेल्यात उभं ठेवा, चीक गळून जाऊ दे, गर धुवून घ्या, मग लावा. शिवाय गर म्हणजे जवळपास सगळं पाणीच. वरून काही लावलं नाही तर एसीत तासाभरात उडून जातं.

दोन कामं वेगळी आहेत: पाणी धरणं आणि पाणी कोंडणं. ग्लिसरीन, मध, ही पाणी धरणारी. साय, तेल, पेट्रोलियम जेली ही कोंडणारी. घरात जे जे आहे त्यात कोंडण्याच्या कामात पेट्रोलियम जेलीचा हात कुणी धरत नाही, वास नाही, नासत नाही, ॲलर्जी जवळपास नाहीच. तिचं मूळ खनिज तेलात आहे म्हणून नाक मुरडायचं असेल तर मुरडा.

ग्लिसरीन शुद्ध लावू नका. एका भागाला तीन-चार भाग गुलाबपाणी. आणि त्यावर कोंडणारं काहीतरी हवंच.

काळे_मनुके | रविवार, रात्री ९:५०

एवढी खटपट कशाला? आमच्या इथे केमिस्टकडे एक ट्यूब मिळते, पन्नास रुपयांच्या आत. दोन रात्री लावा, तोंड लोण्यासारखं. माझ्या जावेने सहा महिने वापरली, एकदम गोरी झाली. नाव व्यनि (खासगी निरोप) करते.

ओपीडी_मंगळवार | रविवार, रात्री १०:३०

मी वाचक आहे, फारशी लिहीत नाही, पण ही ट्यूब बघून बोटं थांबेनात. त्वचारोगात एमडी आहे. इथे कुणाला औषध सांगणार नाही, तपासल्याशिवाय सांगताही येत नाही.

काळे_मनुके, कृपया व्यनि करू नका. दोन रात्रीत 'लोणी' करणाऱ्या अशा ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध. तोंडाची कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, मुरमं येतात, गालावर लव वाढते आणि ट्यूब बंद केली की आग आग होते. आमच्या ओपीडीत असे चेहरे रोज येतात. त्वचेवर लावायची बरीच स्टेरॉइड्स २०१८ मध्ये सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेल्या यादीत घातली. तरी काउंटरवर मिळतात, तो वेगळा विषय. जाऊबाई अजून लावत असतील तर एकदम थांबवू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.

दुपारची_झोप, नाकाच्या बाजूचा आणि भुवयांतला कोंडा हा बहुतेकदा कोरडेपणा नसतो. डोक्यातल्या कोंड्याचाच भाऊ असतो, त्यामागे एक यीस्ट असतं आणि त्याला तेल आवडतं. तुम्ही रोज रात्री त्याला जेवण वाढताय. ऑलिव्ह ऑइल बंद करा आणि एकदा दाखवून घ्या, साधा इलाज असतो.

विंडोसीट, तुमच्यासाठी सध्या फेशियल नाही. काळाचौकी ताईंनी सांगितलेलं मला आवडलं, पण ते धड त्वचेसाठी आहे. पापुद्रे सुटलेत, चरचरतंय, म्हणजे कातडी उघडी आहे. तिच्यावर मध, साय, दूध, ओट्स काहीच नको. आठवडाभर फक्त कोमट पाणी, दिवसातून एकदा बिनफेसाचं क्लीन्झर, ओलसर तोंडावर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, रात्री ओठांच्या बाजूला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. दिवसा सनस्क्रीन. पुढच्या शनिवारी चरचर पूर्ण थांबली असेल तर करा. आधी प्रत्येक नवी गोष्ट कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघा.

आणि एक. चाळिशीनंतर अचानक सगळं अंगच कोरडं पडायला लागलं, केस गळतायत, थकवा आहे, वजन वाढतंय, तर साय शोधण्याआधी थायरॉइड तपासा. मासिक पाळी जायच्या सुमारासही त्वचा कोरडी होते, ते मात्र वयाचंच.

काळाचौकी_पार्लर | रविवार, रात्री १०:५०

डॉक्टर, बरोबर. पापुद्र्यांचं मी वाचलं आणि घाईत विसरले. विंडोसीट, आठवडा थांब गं.

काळे_मनुके | रविवार, रात्री ११:०५

बापरे. जावेला फोन लावते. लव आलीय तिला, आम्ही थ्रेडिंग करून घेत होतो.

सातवा_मजला | सोमवार, दुपारी १:२०

आम्ही नव्या टॉवरमध्ये राहायला आल्यापासून दोघांचीही त्वचा खरखरीत झालीय. आधी परळला होतो तेव्हा असं नव्हतं. पाण्याचा संबंध असतो का? इथे निम्मं पाणी टँकरचं.

लिटमस | सोमवार, दुपारी २:००

असू शकतो. भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी हे तलावांचं पाणी आहे, त्यात क्षार कमी. महापालिकेच्या नळाला आंघोळ केली की साबण निघता निघत नाही, ते त्यामुळेच. टँकरचं पाणी बहुधा बोअर किंवा विहिरीचं, क्षार जास्त. साबणाला फेस येत नाही म्हणून जास्त घासला जातो आणि त्या क्षारांशी मिळून चिकट साका कातडीवर बसतो. ओळखायचं सोपं: बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते का? धरत असेल तर वडी सोडा, साबण नसलेलं क्लीन्झर घ्या, शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या.

स्लो_लोकल | सोमवार, रात्री ८:१५

विचारणार नाही म्हटलं होतं, विचारतो. दाढी केल्यावर आमचा न्हावी ओल्या गालांवर तुरटीचा खडा फिरवतो. थंडगार वाटतं, ऑफिसला पोचेपर्यंत हनुवटीवर पिठी. नाही म्हणावं का? वीस वर्षांचा संबंध आहे.

काळाचौकी_पार्लर | सोमवार, रात्री ८:४०

कापलं असेल तिथे टेकवू द्या, बाकी नाही म्हणा. तुरटी कातडी आवळते. चहा पाजा त्यांना, संबंध टिकेल. घरी येऊन ओल्या गालावर क्रीम. आणि अहो, वरचा मसाज पुरुषांनाही चालतो, फक्त दाढी केल्या दिवशी नको आणि केसांच्या उलट दिशेने चोळू नका.

विंडोसीट | पुढचा शनिवार, रात्री ११:३०

अहवाल देते. उशीर झाला कारण आईने मध्येच गोंधळ घातला.

आठवडाभर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच केलं. मंगळवारी चरचर थांबली, गुरुवारी शेवटचा पापुद्रा गेला. ऑफिसात एसीचा झोत वळवायला पुठ्ठा चिकटवून घेतला, ॲडमिनवाला हसला, पण चिकटवला. कोपराच्या आत साय-मध गुरुवारीच लावून ठेवलं होतं. काही झालं नाही.

आज रात्री बसले. दुधाची पिशवी, आजीच्या नऊवारीचा तुकडा, बदामाच्या तेलाची छोटी बाटली. कापूस आधी पाण्यात बुडवला आणि काळाचौकी ताई आठवल्या. स्क्रब टाळलं. गरम पंचा छान वाटला, दोन मिनिटांत थंड झाला, परत बुडवला.

मसाज करताना पहिल्यांदा कळलं की मी रोज तोंडाला क्रीम लावताना गाल खाली ओढते. हात आपोआप खालीच जातो. वर न्यायला लक्ष द्यावं लागलं. आणि अनामिकेने डोळ्यांखाली फिरवायला घेतलं तर ते बोट स्वतंत्रपणे हलतच नाही, मधलं बोट सोबत येतंच. पाच मिनिटांनी जमलं.

साय घ्यायला फ्रिज उघडला, पातेल्यात बघते तर आठवड्याची साठवलेली साय. मला चमचाभर हवी होती, पण मी दोन चमचे घेतली. पॅक लावून बसले, कडा वाळायला लागल्या की ओला हात. कपाळावरून मध भुवईत उतरला, तो निघता निघेना. तेवढ्यात आई पाणी प्यायला आली, माझ्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे बघितलं. 'उद्या लोणी काढायचं होतं,' म्हणाली आणि झोपायला गेली.

धुतलं, ओलसर तोंडावर लगेच क्रीम. आत्ता लिहिताना गाल ओढत नाहीयेत. लाल नाही झाले, गोरी नाही झाले. हसून बघितलं, आरशासमोर एकटीच. चरचर नाही.

दोन प्रश्न उरलेत. लग्नाच्या आदल्या दिवशी परत करू का? आणि भुवईतला मध कसा काढतात?

काळाचौकी_पार्लर | शनिवार, रात्री ११:५०

आदल्या दिवशी नको, निदान तीन-चार दिवस आधी. नवं काही करायचं नाही, हेच करायचं. मध कोमट पाण्याने विरघळतो, घासू नकोस, ओला कपडा भुवईवर मिनिटभर दाबून धर.

अर्धा_कप | रविवार, सकाळी ७:१०

आईला सांग, दोन चमचे सायीने तुपात काही फरक पडत नाही. तरी पुढच्या वेळी विचारून घे.

स्लो_लोकल | रविवार, सकाळी ९:३०

न्हाव्याला चहा पाजला. तुरटी बंद. आता तो विचारतोय, काय लावता हो तोंडाला?